वाचकांचे प्रश्न : माठ, बरणी आणि निळी टाइल

मातीच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील, अशी काही येथे घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि वाचकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : नागपूरच्या आमच्या घरी मे महिन्यात माठातले पाणी दात शिवशिवतील इतके गार होत असे. आता मुलाकडे मुंबईत राहायला आलो आहोत. तेथून येताना तसाच माठ आणला, पण पाणी जेमतेम गार होते. माठात खोट आहे काय? आणि हल्ली मिळणारे रंगवलेले, नळ बसवलेले माठ घ्यावेत का? (एक वाचिका, मुंबई)

उत्तर : माठात खोट नाही, फरक हवेचा आहे. कुंभाराच्या आव्यात माती साधारणपणे ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. एवढ्या आचेने मातीचे कण एकमेकांना घट्ट धरतात, परंतु वितळून एकजीव होत नाहीत, त्यामुळे त्यांच्यामध्ये अतिशय बारीक छिद्रे शिल्लक राहतात. पाणी या छिद्रांतून बाहेरच्या अंगाला येते, तेथे त्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते माठातून ओढून घेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. दहा लिटर पाणी दहा अंशांनी थंड करायचे म्हणजे एक लाख कॅलरी काढून टाकायच्या, आणि हिशेब केला तर त्यासाठी पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पेलाभर पाणी उडून जावे लागते. बाहेरची उष्णताही सतत आत येत असते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त पाणी खर्ची पडते.

आता प्रश्न असा की हे पाणी उडणार कोठे? हवेतच आधी भरपूर बाष्प असेल तर ती आणखी फारसे घेत नाही. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वाऱ्यात धरला असता जो आकडा दिसतो, त्याच्या खाली माठ जाऊ शकत नाही. नागपुरात हवेचे तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ही मर्यादा २३ अंशांच्या आसपास येते. मुंबईत तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ती २८ अंशांच्या खाली उतरत नाही. म्हणजे नागपूरचा माठ बाहेरच्या हवेपेक्षा वीसएक अंशांनी खाली उतरू शकतो, मुंबईचा फार तर चार-पाच अंशांनी. माठ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून काढून वारा खेळेल अशा खिडकीशी, ओल्या वाळूवर ठेवलात तर थोडा फरक पडेल. त्याहून अधिक अपेक्षा मुंबईच्या हवेकडून करू नये.

रंगाविषयी सांगायचे तर तेलरंगाचा किंवा वॉर्निशचा हात बाहेरून फिरला की छिद्रे बुजतात आणि माठ हा नुसता हंडा होतो. गेरूचा हात दिलेला चालतो, कारण गेरू स्वतः मातीच आहे. नळाला हरकत नाही. माठ साबणाने मात्र धुऊ नये, कारण साबण छिद्रांत शिरून बसतो. काथ्याने किंवा ब्रशने घासून स्वच्छ पाण्याने विसळणे पुरेसे आहे. पाण्यातले क्षार छिद्रांत साठत जातात, म्हणून कोणताही माठ दोन-तीन उन्हाळ्यांनंतर मंदावतोच.

प्रश्न : आजीच्या काळातली लोणच्याची बरणी आमच्याकडे आहे, वर तपकिरी आणि खाली पांढरट. ती चिनी मातीची म्हणतात आणि चहाचे पातळ कपही चिनी मातीचेच. मग बरणी इतकी जाड आणि जड का? तिच्या झिलईवर आता केसासारख्या भेगांचे जाळे उठले आहे. तिच्यात लोणचे घालावे की नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण व्यवहारात ज्या सगळ्याला चिनी माती म्हणतो, त्यात निदान दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात. आपली बरणी ही स्टोनवेअर जातीची आहे. तिची माती १२०० अंशांच्या वर, काही वेळा १३०० अंशांपर्यंत भाजलेली असते. या आचेला मातीचा काही भाग वितळून काच होतो आणि तो उरलेल्या कणांमधल्या फटी भरून काढतो, त्यामुळे बरणीवर झिलई नसती तरी तिच्या अंगात पाणी फारसे मुरले नसते. चहाचा पातळ कप पोर्सेलीनचा असतो. त्यात केओलिन ही लोहरहित पांढरी माती आणि तिच्याबरोबर वितळून काच होणारा फेल्डस्पारयुक्त दगड यांचे मिश्रण असते, ते १३०० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर भाजतात, आणि चांगला कप दिव्यासमोर धरला तर त्यातून उजेड आरपार दिसतो. बरणीला उजेडाशी कर्तव्य नव्हते. तिला मीठ, आंबट रस, तेल आणि वर्षभराची उचल-ठेव सोसायची होती, आणि त्यासाठी जाड, घट्ट अंगच हवे होते.

दोन रंगांची कथा इंग्लंडकडे जाते. ही दुरंगी झिलई येण्यापूर्वी युरोपात स्टोनवेअरला मिठाची झिलई देत. भट्टी पूर्ण तापली की तिच्यात मूठमूठ मीठ टाकायचे, त्याची वाफ होऊन त्यातले सोडियम मातीतल्या सिलिकाशी जुळते आणि भांड्यावर संत्र्याच्या सालीसारखा किंचित खरबरीत काचेचा थर बसतो. जर्मनीतल्या वेस्टरवाल्ड भागातली राखाडी-निळी भांडी याच पद्धतीची आहेत. या धुराचा त्रास फार होई, शिवाय रंग हवा तसा मिळत नसे. १८३० च्या दशकात ब्रिस्टल शहरात जस्ताचे ऑक्साइड घातलेली, शिसे नसलेली पांढरी झिलई प्रचारात आली. बरणी खालून पांढऱ्या आणि वरून तपकिरी झिलईत बुडवली की एका भाजणीत काम होई. शाईच्या, दारूच्या, व्हिनेगरच्या बरण्या याच झिलईत निघू लागल्या आणि हाच तोंडवळा पुढे आपल्याकडच्या लोणच्याच्या बरणीला आला.

भेगांचे कारण साधे आहे. भाजणीनंतर थंड होताना झिलई आतल्या मातीपेक्षा अधिक आकसली, तर ती ताणली जाते आणि तडकते. काही वेळा हे भट्टीतून काढल्याबरोबर होते, काही वेळा मातीने हळूहळू ओल शोषून फुगल्यामुळे वर्षांनी होते. चीनमधल्या सोंग राजवटीतल्या कुंभारांनी हा दोष मुद्दाम घडवून आणला, त्या जाळ्यात गडद रंग मुरवला आणि गुआन व गे या नावांनी ओळखली जाणारी ती भांडी राजदरबारापर्यंत नेली. लोणच्याच्या बाबतीत मात्र सौंदर्याचा विचार दूर ठेवून एक परीक्षा करावी. बरणीत काठोकाठ पाणी भरून ती रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवावी. सकाळी कागद कोरडा असेल आणि बरणीच्या अंगावर ओलसर डाग नसतील, तर आतली माती घट्ट आहे आणि बरणी वापरण्यास हरकत नाही. भेगांत जुने तेल मुरून खवट वास येत असेल, तर ती धान्यासाठी ठेवावी.

याच निमित्ताने एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. प्रवासात आणलेले भडक रंगांचे, कमी आचेवर भाजलेले झिलईदार वाडगे लोणचे, दही, सोलकढी किंवा चिंचेचे सार ठेवण्यासाठी वापरू नयेत. कमी तापमानावर झिलई वितळावी म्हणून जगभर शतकानुशतके तिच्यात शिसे घालत आले आहेत आणि आंबट पदार्थ ते शिसे बाहेर ओढतो. मेक्सिकोत पारंपरिक झिलईदार मातीच्या भांड्यांतून होणारी शिशाची बाधा हा आजही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. झिलईत शिसे आहे की नाही हे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही, दुकानदारालाही नाही.

प्रश्न : पणजीतील मिनेझिस ब्रागांझा संस्थेत निळ्या-पांढऱ्या टाइल्सची चित्रे पाहिली. आमच्या गटातील एकजण म्हणाला ही कला मूळची चीनची, दुसरा म्हणाला अरबांची, तिसरा म्हणाला हॉलंडची. खरे कोणाचे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तिघांचेही थोडेथोडे खरे आहे आणि ज्या क्रमाने ते खरे आहे, तो क्रम फार मौजेचा आहे. प्रथम समोरच्या वस्तूविषयी. त्या टाइल्स १९३५ च्या आहेत, जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने त्या रंगवल्या आणि त्यांवर वास्को द गामाच्या सफरीवरील पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग आहेत. अशा टाइलला पोर्तुगालमध्ये आझुलेजो म्हणतात. तिचे अंग पोर्सेलीनचे नसते. ती साध्या भाजलेल्या मातीची असते, वर कथिलाच्या ऑक्साइडमुळे दुधाळ, अपारदर्शक झालेली झिलई असते आणि त्या झिलईवर निळा रंग देणाऱ्या कोबाल्ट या धातूच्या संयुगाने चित्र काढून ती पुन्हा भाजलेली असते. मातीचा तांबूस-पिवळट रंग झाकून पांढरी पाटी तयार करणे हेच त्या कथिलाचे काम.

हा उपाय नवव्या शतकात इराकमधल्या बसऱ्याच्या कुंभारांनी प्रचारात आणला. तांग राजवटीतल्या चीनमधून पांढरी, गुळगुळीत भांडी समुद्रमार्गे आखातात येत होती आणि अब्बासी खलिफांच्या राज्यात त्यांना मोठी मागणी होती. बसऱ्याकडे केओलिन नव्हते आणि तेवढी आच धरणाऱ्या भट्ट्याही नव्हत्या. मग त्यांनी आपल्या पिवळट मातीला कथिलाची झिलई देऊन चिनी भांड्याचे बाह्य रूप साधले. येथपर्यंत ही नक्कलच होती. परंतु चिनी भांडी तर कोरी पांढरी होती, आणि बसऱ्याच्या कारागिराने त्या पांढऱ्या पाटीवर निळा कोबाल्ट लावून पाने, फुले, कधी एखादी अक्षरांची ओळ काढली. पुढे त्यांनी तांबे आणि चांदीच्या संयुगांपासून धातूसारखी चमक देणारी लस्टर ही पद्धतही भांड्यांवर आणली.

दोन्ही टोकांमधला व्यापार किती मोठा होता, याचा पुरावा १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या बेलिटुंग बेटाजवळ सापडला. तेथे बुडालेले जहाज अरबी बांधणीचे, फळ्या दोराने शिवलेले होते आणि त्यात चीनमधली सुमारे ६०,००० भांडी होती. त्यांपैकी बहुतेक हुनान प्रांतातल्या चांगशा येथील वाडगे होते आणि एका वाडग्यावर इसवी सन ८२६ शी जुळणारी तारीख कोरलेली होती. त्या ढिगाऱ्यात निळ्या-पांढऱ्या तीन थाळ्याही मिळाल्या. त्यांवरची नक्षी चिनी वळणापेक्षा पश्चिम आशियाई वळणाची आहे. म्हणजे चिनी कारागीर त्या काळात परदेशी गिऱ्हाइकाच्या आवडीचा माल काढून पाहत होते. चीनमध्ये तो प्रयोग तेव्हा रुजला नाही.

तो रुजला चौदाव्या शतकात. मंगोल साम्राज्यामुळे इराण आणि चीन एका राजकीय छत्राखाली आले होते, इराणचा उत्तम कोबाल्ट जिंगदेझेन या चीनमधल्या पोर्सेलीनच्या शहरातील कारखान्यांत पोहोचत होता आणि पश्चिम आशियातल्या मेजवान्यांना लागणाऱ्या मोठ्या परातींची मागणी होती. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १३५१ ची तारीख असलेल्या दोन फुलदाण्या आहेत. त्या पाहिल्या की निळ्या-पांढऱ्या पोर्सेलीनचे तंत्र तोपर्यंत पूर्ण पक्व झाले होते हे कळते. ज्याला जग चीनची सर्वांत चिनी वस्तू समजते, तिचा रंग इराणचा होता आणि पहिले मोठे गिऱ्हाईक मुसलमानी देशांचे होते.

इकडे कथिलाची झिलई पश्चिमेकडे सरकत स्पेनमध्ये मालागा आणि मानिसेस येथे गेली, तेथून तिचा माल इटलीत गेला आणि इटलीत ती मायोलिका या नावाने फुलली, मग हॉलंडमधल्या डेल्फ्टला पोहोचली. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनी चिनी पोर्सेलीन जहाजे भरभरून युरोपात आणत होती. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली आणि त्यानंतरच्या धामधुमीत तो पुरवठा आटला, तेव्हा डेल्फ्टच्या कुंभारांनी ती पोकळी भरून काढली. डेल्फ्टच्या ताटाचा काठ टवका उडालेला असेल तर तेथे पिवळट माती दिसते. ते ताट दिसते चिनी, पण त्याची जात बसऱ्याची आहे. याच निळ्या-पांढऱ्या लाटेने पोर्तुगालचे आझुलेजो सतराव्या शतकाच्या अखेरीस रंगीबेरंगी नक्षीकडून निळ्या चित्रांकडे वळवले आणि पणजीतल्या टाइल्स त्याच वळणाचे विसाव्या शतकातले अपत्य आहेत.

खऱ्या पोर्सेलीनचे गुपित युरोपला त्यानंतरही बराच काळ मिळाले नव्हते. सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याला पोर्सेलीनचे वेड इतके होते की १७१७ मध्ये त्याने आपले ६०० घोडेस्वार सैनिक प्रशियाच्या राजाला देऊन बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्याआधी त्याने योहान बोटगर या तरुण किमयागाराला सोने करून दाखव म्हणून कैदेत ठेवले होते. चिर्नहाउस या विद्वानाबरोबर काम करताना बोटगरला सोने सापडले नाही, पण १७०८ च्या सुमारास कठीण पांढरे पोर्सेलीन साधले आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला. दोनच वर्षांनी, १७१२ मध्ये, दांत्रकोल या फ्रेंच धर्मगुरूने जिंगदेझेनहून लिहिलेल्या पत्रात तेथली सगळी पद्धत सविस्तर सांगितली आणि एक भांडे तयार होईपर्यंत सत्तर माणसांच्या हातांतून जाते, असे नमूद केले. जर्मनीतला एक कैदी जे वर्षानुवर्षे अंधारात चाचपडत होता, ते चीनमध्ये एका शहराचे रोजचे काम होते.

म्हणून ही कला कोणाची, असे विचारण्यापेक्षा टाइलचा कोणता थर कोणाचा, असे विचारावे. झिलई इराकची, निळ्या-पांढऱ्याची आवड चीनमार्गे आलेली, चित्र काढण्याची शैली युरोपची आणि भिंतभर कथा मांडण्याची हौस पोर्तुगालची.

प्रश्न : जयपूरची निळी वाटी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली आणि तडकली. ती नकली होती का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : नव्हती. जयपूरच्या या भांड्यांत नेहमीची कुंभारमाती जवळजवळ नसतेच. गारेची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, सोडा किंवा टाकणखार आणि डिंक असे ते मिश्रण असते. ते चाकावर चढत नाही, म्हणून साच्यात थापून घडवतात आणि ८०० ते ८५० अंशांच्या आसपास एकदाच भाजतात. हे नाते इराणशी आहे. काशान शहरातल्या अबुल कासिम या कुंभार घराण्यातील लेखकाने १३०१ मध्ये दहा भाग गारेची पूड, एक भाग काच आणि एक भाग पांढरी माती असे प्रमाण लिहून ठेवले आहे. असे अंग ठिसूळ असते आणि अचानक उष्णता सोसत नाही. विसाव्या शतकात कृपालसिंह शेखावत यांनी ही मागे पडलेली कारागिरी पुन्हा उभी केली. ती शोभेसाठी आणि कोरड्या वस्तूंसाठी ठेवावी.

प्रश्न : आमच्या गावच्या कुंभारवाड्यात बायका माती मळतात, भांडी रंगवतात, बाजारात विकतात, पण चाकावर बसत नाहीत. सगळीकडे असेच आहे का? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : सगळीकडे नाही. जगाचा विचार केला तर ढोबळमानाने असे दिसते की जेथे भांडी हाताने, मातीच्या वळ्या एकावर एक रचून घडतात, तेथे कुंभारकाम बहुधा बायकांचे असते, आणि जेथे चाक आले, बाजारपेठेसाठी पूर्णवेळ धंदा आला, तेथे ते पुरुषांकडे गेले. कारण चाकात नसून चाकाबरोबर येणाऱ्या धंद्यात आहे, असे मला वाटते. घरचे काम सांभाळून वळ्यांचे भांडे चार दिवस थांबत-थांबत घडवता येते. चाकाचे काम मात्र सलग बैठक मागते, आणि एकदा त्यातून पैसा येऊ लागला की बायकांनी चाकाला हात लावू नये, हा संकेत आपोआप पवित्र होतो.

पहिले उदाहरण आपल्याच देशात आहे. मणिपूरमधल्या आंद्रो गावात चाकाशिवाय भांडी घडतात आणि ते काम विवाहित स्त्रियांचे आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या पुएब्लो लोकांमध्येही परंपरेने घडवण्याचे काम स्त्रियांचेच. त्यांपैकी सान इल्देफोन्सोच्या मारिया मार्टिनेझ यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १९१९ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांचे पती हुलियन यांनी काळ्यावर काळी नक्षी असलेली भांडी सिद्ध केली. भांडे दगडाने घासून आरशासारखे गुळगुळीत करायचे, त्यावर पातळ मातीने नक्षी काढायची आणि भाजणी चालू असतानाच आगीवर शेणखताची भुकटी टाकून हवा कोंडायची. प्राणवायू तुटला की मातीतले लोह काळे पडते आणि धुरातला कार्बन अंगात मुरतो. घासलेला भाग चमकतो, नक्षीचा भाग मंद राहतो. आपल्याकडचा काळा माठही हवा कोंडूनच काळा होतो.

नायजेरियाच्या लाडी क्वाली यांचे उदाहरण तर तुमच्या प्रश्नाला थेट भिडते. ग्वारी समाजात त्या लहानपणी वळ्यांनी घागरी घडवायला शिकल्या. इंग्रज कुंभार मायकल कार्ड्यू यांनी अबुजा येथे काढलेल्या प्रशिक्षण केंद्रात १९५४ मध्ये दाखल झालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. तेथे त्या चाकही शिकल्या, परंतु त्यांची नावाजलेली भांडी जुन्या पद्धतीनेच घडवलेली आहेत, फक्त त्यांवर उच्च तापमानाची झिलई आली. नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. महाराष्ट्रातही पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंमध्ये विजेच्या चाकावर बसणाऱ्यांत आज स्त्रियाच अधिक दिसतात. कुंभारवाड्यातल्या मुलींना मात्र तेथवर पोहोचण्याची वाट अजून सोपी नाही आणि ही विसंगती कोणी फारशी बोलून दाखवत नाही.

प्रश्न : फुटलेली भांडी सोन्याने जोडण्याची जपानी किंत्सुगी पद्धत घरी करता येईल का? बाजारात त्याचे संच मिळतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बाजारातल्या बहुतेक संचांत दोन द्रवांचा कृत्रिम गोंद आणि सोनेरी भुकटी असते. त्याने शोभेची वस्तू जोडावी, त्या पेल्यातून गरम चहा पिऊ नये. मूळ पद्धतीत तुकडे जोडणारा पदार्थ उरुशी म्हणजे लाखवृक्षाचा चीक असतो आणि सोने केवळ सर्वांत वरच्या थरात भुरभुरवलेले असते. हा चीक उन्हात वाळत नाही. तो घट्ट होण्यासाठी दमट हवा लागते, प्रत्येक थरानंतर थांबावे लागते आणि एका पेल्याला काही आठवडे, कित्येकदा महिने जातात. कच्च्या चिकाने अंगावर पुरळ उठते, म्हणून हातमोजे न घालता त्याच्या वाटेस जाऊ नये.

आपल्याकडे किंत्सुगीचा उल्लेख हल्ली आयुष्यावरच्या व्याख्यानांतच अधिक होतो. मूळ संदर्भ चहाच्या समारंभाचा आहे, आणि तेथे कोणते भांडे जोडण्याच्या लायकीचे, हाही रसिकतेचा प्रश्न होता. सोळाव्या शतकातल्या जपानी चहागुरूंनी सर्वाधिक मान दिला तो कोरियातल्या साध्या वाडग्यांना. क्योतोच्या दाइतोकुजी मठाच्या परिसरात जपलेला किझाएमोन नावाचा वाडगा आज जपानची राष्ट्रीय संपत्ती आहे. तो कोरियातल्या कोण्या अनाम कुंभाराने घडवला आणि घडवताना त्याच्या मनात राष्ट्रीय संपत्ती खचितच नव्हती. या कौतुकाला दुसरी, कडवट बाजूही आहे. १५९२ ते १५९८ या काळात जपानने कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा परतणाऱ्या सरदारांनी कोरियन कुंभारांना कुटुंबांसह धरून नेले. हागी, सात्सुमा, काराट्सू या प्रसिद्ध जपानी घराण्यांच्या मुळाशी हे कुंभार आहेत. अरिता येथे १६१६ च्या सुमारास यी साम-प्योंग या कोरियन कुंभाराला केओलिनयुक्त दगड सापडला, असे परंपरा सांगते, आणि जपानी पोर्सेलीनची सुरुवात तेथूनच मानतात. वर उल्लेखिलेल्या मिंग पतनानंतर डच कंपनीने आपली मागणी याच अरिताकडे वळवली होती.

प्रश्न : संगमनेरजवळ आमच्या शेतात नांगरताना काळी नक्षी असलेली लाल खापरे निघतात. त्यांना काही किंमत आहे का? (एक शेतकरी वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : बाजारात नाही, इतिहासात फार आहे. आपल्याच तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या जोर्वे गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही भांडी असू शकतात. इसवी सनपूर्व १४०० ते ७०० या काळात महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांची ती भांडी होत. चाकावर घडवलेली, पातळ, चांगली भाजलेली, लाल अंगावर काळ्या रेषांची नक्षी असलेली, आणि टिचकी मारली तर धातूसारखा नाद देणारी. कंगोरेदार वाडगे आणि लांब तोटीची भांडी ही त्यांची विशेष ओळख. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन केले. तेथे कुंभाराचे घर आणि भट्टीही मिळाली, आणि मृत बालकांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आडवी ठेवून, घराच्या जमिनीखालीच पुरलेले आढळले.

खापर कोठे आणि किती खोलीवर मिळाले, यावरच त्याचा अर्थ अवलंबून असतो. म्हणून वेचून घरी ढीग करू नये, मुद्दाम खणू तर मुळीच नये. जागेची छायाचित्रे काढून राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवावे.

प्रश्न : पणजोबांच्या सामानात अजिंठ्याच्या चित्रांसारखी नक्षी असलेली, झिलईची एक फुलदाणी निघाली. अजिंठ्याजवळ अशी कला होती काय? (एक वाचिका, मुंबई)

उत्तर : अजिंठ्याजवळ नव्हती, पण मुंबईत होती. सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेचे अधीक्षक जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात शाळेत कुंभारकामाचा विभाग उभा केला आणि सिंधमधली झिलईदार भांड्यांची परंपरा तेथे आणली. नेमक्या त्याच काळात, १८७२ पासून, त्याच शाळेतले जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करीत होते. त्या प्रतींपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या, परंतु लेण्यांच्या छतांवरची कमळे, हंस आणि वेली तोपर्यंत मुंबईच्या फुलदाण्यांवर उतरल्या होत्या. हा माल प्रामुख्याने युरोपीय गिऱ्हाइकासाठी होता आणि प्रदर्शनांतून परदेशी जात असे, त्यामुळे येथे राहिलेले नग तुलनेने कमी आहेत.

आपली फुलदाणी त्यांपैकी आहे की नंतरची नक्कल, हे छायाचित्रावरून सांगणे योग्य नाही. ती उलटी करून तळाशी शाळेचा किंवा कार्यशाळेचा काही शिक्का, खूण अथवा अक्षरे आहेत का ते पाहावे, आणि झिलई न लागलेल्या कडेला मातीचा रंग कोणता दिसतो तेही टिपून घ्यावे. मग भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात या शाळेची भांडी मांडलेली आहेत, त्यांच्याशी ताडून पाहावे. तोवर तिच्यात पाणी घालू नये आणि ती ब्रासोसारख्या कोणत्याही पॉलिशने घासू नये.